सह्यांच्या रांगेत

इंग्लंडात राउंडअबाउटच्या मधल्या गवतात डॅफोडिल्स उगवली की लोकांना हायसं वाटतं. थंडी सरली, जाड कोट आता धुवून ठेवायला हरकत नाही, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यांवर दिसायला लागतं. माझं मात्र उलटं. पिवळा रंग दिसला की मला मार्च दिसतो, मार्च दिसला की वॉटफर्डची ती शाळा दिसते, आणि मग दिवसभर हातातलं काम हातात राहत नाही.

मार्च ही माझ्या कामाची सुगी. मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखकांना शाळांमध्ये आणि साहित्यमेळ्यांमध्ये घेऊन जाणं हे माझं काम. शाळांशी बोलायचं, तारखा जुळवायच्या, लेखकाला स्टेशनवरून गाडीत घालायचं, वेळेवर पोचवायचं, त्याचं जेवण, त्याचा घसा, त्याचे मूड सांभाळायचे आणि पुन्हा ट्रेनमध्ये बसवून द्यायचं. सांगलीचा माझा मोठा भाऊ लोकांना सांगतो, "अनघा तिकडे ड्रायव्हर आहे." तसं ते खोटंही नाही. नवरा कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. तो लोकांना झोपवतो आणि मी मुलांना जागं ठेवते, असा आमच्या घरातला एक जुना विनोद आहे.

एरवी वर्षभर हे काम संथ चालतं. मार्चमध्ये पुस्तक दिन येतो, मुलं पुस्तकांतल्या पात्रांच्या वेशात शाळेत येतात आणि देशातल्या सगळ्या शाळांना एकाच आठवड्यात लेखक हवा असतो. त्या आठवड्यात सकाळी रस्त्याने जावं तर फुटपाथवरून वाघ चाललेले असतात. चेटकिणी, चाचे, पुठ्ठ्याचे रोबो, आईच्या ड्रेसिंग गाऊनमधले जादूगार. वर पाऊस, मधेच गारा, लगेच ऊन. रंगवलेल्या मिशा गालांवर ओघळतात. शाळेच्या हॉलमध्ये शिरलं की ग्रेव्हीचा, ओल्या बुटांचा आणि फरशीच्या पॉलिशचा एकत्र वास येतो. मला तो वास आवडायचा. आवडतो, असं आता लिहवत नाही.

त्या वर्षी माझ्याबरोबर मीनल होती. मीनल स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची. तिचे वडील पुण्याहून तिथल्या हॉस्पिटलात आलेले डॉक्टर, ही तिथेच जन्मली, तिथेच वाढली. बुटकी, बारीक, केस मुलासारखे कापलेले, पायात नारिंगी बूट. इंग्रजी बोलताना 'र' असा घोळवायची की मला तिचं निम्मं बोलणं दुसऱ्यांदा विचारावं लागे. मराठी मात्र अगदी समजेल असं बोलायची, फक्त तिच्या मराठीत स्त्रीलिंग कुठे, पुल्लिंग कुठे, याचा पत्ता नसे. "माझा आई मला रोज फोन करतो," असं ती म्हणाली की मी हसायचे आणि तीही हसायची. "अनघाताई, करेक्ट नको करू. मग मी बोलणारच नाही." मी करेक्ट करणं सोडून दिलं.

तिचं पहिलंच पुस्तक आलं होतं. एका मुलीच्या घरात जिन्याखाली एक बॅजर, म्हणजे बिळात राहणारं इथलं एक जनावर, राहतो. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचा, म्हातारा, थोडा बहिरा. मुलीला जे कोणालाच सांगता येत नाही ते ती त्याला सांगते. तो ऐकतो, मान हलवतो आणि कोणालाही सांगत नाही. एवढीच गोष्ट. मीनल ती वाचायची तेव्हा खुर्चीवर बसायची नाही. मुलांच्या समोर जमिनीवर मांडी घालायची आणि शेवटची पानं इतक्या हळू आवाजात वाचायची की मागच्या रांगेतले वाघसुद्धा पुढे सरकायचे.

वाचन झालं की सह्यांची रांग लागते. ज्यांनी पुस्तक घेतलेलं असतं ते पुस्तक आणतात, ज्यांच्या घरी ते शक्य नसतं ते कागदाचा चिठोरा आणतात. मीनल दोन्हींवर सारख्याच मायेने सही करायची. आणि त्या रांगेत मुलं तिच्या कानाशी लागायची. पहिल्या दोन-तीन शाळांमध्येच माझ्या ते लक्षात आलं. टेबलावर हात टेकवून, टाचा उंचावून मुलं काहीतरी कुजबुजायची आणि पळून जायची. गाडीत मीनल मला सांगायची. एकाचं अंथरूण अजून झोपेत ओलं होतं. एकीला आजोबा गेले तेव्हा रडूच आलं नाही. एकाने पाळलेल्या इवल्या हॅमस्टरला चुकून फार घट्ट धरलं होतं.

"अनघाताई, ते मला बॅजर समजतात," ती म्हणायची. तिच्या डोळ्यांत पाणी असायचं आणि ती खूश असायची. लेखकाला याहून मोठं काय हवं?

वॉटफर्डच्या शाळेत गेलो तो दिवस कुंद होता. रिसेप्शनवर नेहमीप्रमाणे ओळखपत्राचा लाल पट्टा गळ्यात घातला, आणि नेहमीप्रमाणे पाहुण्यांसाठीचा लॅमिनेट केलेला कागद हातात आला. एखाद्या मुलाने काळजी वाटावी असं काही सांगितलं तर गुप्ततेचं वचन देऊ नका, शाळेतल्या अमुक बाईंना लगेच कळवा. मी लेखकांना हे फोनवरच बजावून ठेवते. मीनललाही ठेवलं होतं.

हॉल रंगीबेरंगी झाला होता. त्यात एकच मुलगी शाळेच्या गणवेशात होती. नऊ वर्षांची असेल. करड्या रंगाचा स्वेटर, एका बाजूने सुटलेली वेणी. कॉस्च्यूम न घातलेलं मूल अशा दिवशी लगेच नजरेत भरतं. आई विसरली असेल, असं मनात म्हणून मी पुस्तकांचे गठ्ठे सोडायला लागले. पुढे रांगेत ती शेवटची होती. तिच्याकडे गणिताच्या वहीचा फाडलेला कोपरा होता. ती मीनलशी बराच वेळ बोलली, बोलताना हसतही होती. मी लांबून पाहिलं. मीनलही हसली, मग हसायची थांबली. मग तिने मान हलवली आणि चिठोऱ्यावर सही करून दिली.

गाडी एम-वन हायवेला लागली तरी मीनलने खायला घेतलं नव्हतं. मांडीवर सँडविच तसंच. काचेवर रिमझिम, वायपर एका लयीत चाललेले.

"बरं वाटत नाहीये का?" मी विचारलं.

"एक मुलगी होती. कॉस्च्यूम नव्हता तिला."

"गणवेशातली. पाहिली मी."

"ती मला म्हणाली, आमच्या घरी पण एक सीक्रेट जागा आहे. आम्ही बाथटबमध्ये झोपतो. मी आणि माझा छोटा भाऊ. आई टबमध्ये रजई घालतो, उशा घालतो आणि स्वतः खाली मॅटवर झोपतो. आणि मी हसले, अनघाताई. मला वाटलं, काहीतरी खेळ आहे. मी विचारलं, बेड का नाही? तर ती म्हणाली, कारण आतून कडी लागते अशी ती एकच खोली आहे. डॅड ओरडायला लागला की आम्ही तिकडे जातो."

पुढच्या लॉरीच्या चाकांतून पाणी उडत होतं.

"मग ती म्हणाली, तू कोणाला सांगणार नाहीस ना? बॅजर सांगत नाही."

"आणि तू?"

"मी प्रॉमिस केला."

एक्झिट जवळ आला होता. मी इंडिकेटर दिला.

"कुठे चाललीस?"

"परत. शाळा सुटायच्या आत पोचायला हवं."

"नको." ती एकदम ताठ बसली. "अनघाताई, नको. मी तिला प्रॉमिस केला. तू ऐकत नाहीयेस. त्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं, आणि मी दोन तासांत जाऊन ते ऑफिसमध्ये देऊ? पुन्हा ती कोणाला सांगेल का?"

"आणि आज रात्री कडी तुटली तर?"

"आणि आपण सांगितलं म्हणूनच तुटली तर? कोणीतरी त्याला फोन करणार, त्याला कळणार, ती घरी जाणार. घरी ती जाणार, तू नाही. मी नाही!"

ती खोटं बोलत नव्हती. याच भीतीने जगभर किती दारं बंद राहिली असतील. आमच्या सांगलीच्या कॉलनीत शेजारच्या क्वार्टरमध्ये एक काकू राहायच्या. अधूनमधून सकाळी त्या वाटीभर साखर मागायला यायच्या, पदर कपाळापर्यंत ओढून. आई काही न विचारता वाटी शीग लावून भरायची, कधी वर चार चमचे चहापत्ती पुडीत बांधून द्यायची. आदल्या संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज यायला लागले की बाबा रेडिओ मोठा करायचे. सगळ्या कॉलनीत त्या वेळी रेडिओ मोठे व्हायचे. माणसं वाईट नव्हती, साखर द्यायची ती मनापासून द्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई म्हणायची. पुढे त्या काकूंना एक दिवस रिक्षातून मिरजेच्या हॉस्पिटलात नेलं, आणि त्या परत आल्या नाहीत. त्यानंतर आमच्या घरात रेडिओ कित्येक दिवस लागला नाही.

हे मी मीनलला सांगितलं नाही. गाडी चालवताना नीट सांगता आलं नसतं. मी एवढंच म्हणाले, "तू रागाव माझ्यावर. पण आपण परत जातोय."

ती खिडकीकडे तोंड करून बसली. थोड्या वेळाने काचेशीच बोलल्यासारखं बोलायला लागली. ती आठ वर्षांची असताना तिची आई दिवसचे दिवस बिछान्यातून उठायची नाही. पडदे ओढलेले. वडील हॉस्पिटलात. ही स्वतःच ब्रेडला लोणी लावून शाळेत जायची. एक दिवस तिने शाळेतल्या बाईंना सांगितलं. मग घरी सरकारी चौकशीला एक बाई आली, हातात फाइल, हसरी. घरभर फिरली, फ्रिज उघडून पाहिला. ग्लासगोतल्या मराठी डॉक्टरमंडळींत ही गोष्ट गणपतीच्या आरतीपर्यंत पोचली.

"आई माझ्याशी बोलला नाही," मीनल म्हणाली. "खूप दिवस. जेवायला द्यायचा, वेणी घालायचा, पण बोलायचा नाही. मी म्हणून ते पुस्तक लिहिलं. तुला कळतंय का? मला तेव्हा बाई नको होती. मला बॅजर पाहिजे होता."

मला कळत होतं. मी वेग कमी केला नाही.

कागदावरच्या त्या बाई, शाळेच्या डेप्युटी हेड, उंच, चष्मा साखळीला लटकवलेला, टेबलावर गार झालेला चहा. त्यांनी दार लावून घेतलं. कसलीही घाई केली नाही, चेहऱ्यावर धक्का दाखवला नाही. मीनलला म्हणाल्या, "तिचे शब्द जसे होते तसे सांगा. तुमचे घालू नका." मीनलने सांगितले. टब, रजई, कडी. प्रत्येक शब्दानंतर ती लहान होत गेल्यासारखी मला वाटली. शेवटी तिने विचारलं, "मी तिला भेटू शकते का? मी वचन मोडलंय हे मीच तिला सांगायला हवं."

"नाही," बाई म्हणाल्या. शब्द मऊ होता पण त्यात फट नव्हती. "तुम्ही योग्य तेच केलंत. यापुढे काय होतं ते मात्र आम्ही तुम्हाला कळवू शकणार नाही. तेवढं समजून घ्या."

आम्ही रिसेप्शनमध्ये लाल पट्टे काढून देत होतो तेव्हा शाळा सुटायच्या बेतात होती. फाटकाबाहेर छत्र्या जमल्या होत्या. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि एका शिक्षिकेबरोबर ती मुलगी आली. पाठीवर दप्तर, हातात कोट. तिने आधी मला पाहिलं, मग मीनलला, मग डेप्युटी हेडच्या उघड्या दाराकडे. नऊ वर्षांचं मूल होतं ते. पण जे समजायचं ते तिला त्या एका क्षणात समजलं. ती रडली नाही, ओरडली नाही. तिचा चेहरा, कसं सांगू, दुकानाचं शटर ओढतात तसा बंद झाला. आणि ती त्या खोलीत गेली. दार लागलं. फाटकाजवळच्या छत्र्यांमधून एका बाईला कोणीतरी नावाने हाक मारून आत बोलावत होतं. तिच्या कडेवर एक लहान मुलगा होता. आम्ही तिच्या बाजूनेच बाहेर पडलो.

कॉव्हेंट्रीला पोचलो तेव्हा ते सँडविच गाडीत तसंच पडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मीनलने आमच्याकडच्या एका शाळेत कार्यक्रम केला. वाचलं तिने, पण खुर्चीवर बसून. रांग लागली तेव्हा तिने मान वर केली नाही. नाव विचारायची, सही करायची, पुढे. एक छोटा चाचा तिच्या कानाशी झुकला तर ती चटका बसावा तशी मागे सरकली. तो गोंधळून परत गेला. गाडीत बसल्यावर ती मला म्हणाली, "अनघाताई, मला घरी सोड. आता मी नाही करणार."

पुढच्या सगळ्या शाळांना फोन करायचं काम माझं होतं. मुलांनी पुठ्ठ्याचे बॅजर केलेले, भिंतीवर स्वागताची चित्रं लावलेली. लेखिका आजारी आहे, एवढंच मी सांगत होते. एका हेडटीचरनी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन ठेवला. मला त्यांचा राग आला नाही. दोनशे मुलांना काय सांगायचं हा प्रश्न आता त्यांच्यापुढे होता.

नंतरच्या महिन्यांत मीनलला मेसेज केला की दोन दिवसांनी एक अंगठा यायचा. बस. दिवाळीला मी चकल्यांचा फोटो पाठवला, त्यालाही अंगठाच. आणि त्या मुलीचं काय झालं, हे विचारायला मला जागाच नव्हती. मी बातम्या वाचायचे. वॉटफर्ड हा शब्द दिसला की मी ओळ न् ओळ वाचून काढायचे आणि बातमी पार्किंगची निघायची. कधी वाटायचं, एव्हाना ती कुठेतरी सुरक्षित, स्वतःच्या पलंगावर झोपत असेल. कधी वाटायचं, आपण गेलो नसतो तर? मग सांगलीचा रेडिओ आठवायचा. या दोन टोकांच्या मध्ये मी कितीतरी रात्री इकडून तिकडे गेले. आपण बरोबर वागलो हे माहीत असूनही झोप येत नाही, अशी वेळ आयुष्यात येते हे मला आधी माहीत नव्हतं. मला वाटायचं, बरोबर वागलेल्यांना झोप लागते.

पुढच्या वर्षी पानगळीत एका साहित्यमेळ्यासाठी दुसऱ्या एका लेखकाला घेऊन मी ग्लासगोला गेले. मीनलला कळवलं. तिने लिहिलं, त्या दिवशी जमणार नाही. पण तिची आई, नलिनीकाकू, त्यांचा फोन आला. "अहो, ग्लासगोपर्यंत येऊन हॉटेलात कसल्या जेवता? घरी या."

काकू आता पंचाहत्तरीच्या. मीनलचे डॉक्टर वडील जाऊन काही वर्षं झालेली. जुन्या दगडी इमारतीतला वरचा फ्लॅट, उंच छत, स्वयंपाकघरात साबुदाण्याच्या खिचडीचा वास. त्यांनी पानात लिंबाची फोड ठेवली आणि समोर बसल्या. स्वतः काही घेतलं नाही.

"मीनलने मला सगळं सांगितलं," त्या म्हणाल्या. "त्या मुलीचं. आणि गाडीत माझ्याबद्दल काय बोलली, तेही सांगितलं. लपवत नाही ती काही."

मी खिचडी ढवळत राहिले.

"खरं आहे ते. मी नाही बोलले तिच्याशी. लाजेने. सगळ्या बायका माझ्याकडे कशा बघतील, हे एकच डोक्यात." त्यांनी टेबलावर नसलेला कण बोटाने पुसला. "पण अनघा, ती बाई घरी आली नसती तर मी उठलेच नसते. तिनेच मला डॉक्टरकडे नेलं. मी डॉक्टरचीच बायको होते बरं का. पण ह्यांना वाटायचं, देशाची आठवण येते हिला, होईल बरी. त्या गोऱ्या बाईने विचारलं, तुला जगावंसं वाटतं का? मला कोणी विचारलंच नव्हतं."

"हे मीनलला माहीत आहे?"

"नाही."

"इतकी वर्षं?"

"काय सांगू? लेकीसमोर कसं काढायचं? आता ती चाळिशीला आली."

"काकू," मी म्हणाले, "सांगा तिला."

त्यांनी मान हलवली, पण ते हो होतं की नाही ते मला कळलं नाही. निघताना त्यांनी माझ्या हातात मेतकुटाची बरणी दिली आणि दारात पुष्कळ वेळ उभ्या राहिल्या.

यंदा फेब्रुवारीअखेर वॉटफर्डहून फोन आला. त्याच शाळेतून. लायब्ररीत नव्या बाई आल्या होत्या. मुलांना त्या बॅजरवाल्या लेखिका फार आवडल्या होत्या असं कळलं, येतील का पुन्हा? मी विचारून कळवते म्हणाले, आणि मीनलचा नकार ऐकायची तयारी ठेवून तिला फोन लावला.

ती शाळेचं बोलावणं ऐकून म्हणाली, "आईनी मला सांगितला."

"काय?"

"सगळा." ती म्हणाली. "त्या बाईचा. डॉक्टरचा. त्या क्वेश्चनचा. आम्ही दोघी किचनमध्ये बसलो आणि आई बोलतच राहिला. मला तिचा राग आला, अनघाताई. बत्तीस वर्षं का नाही सांगितलं म्हणून खूप राग आला. आणि मग मी तिच्या मांडीवर झोपले."

"मग शाळेला काय कळवू?" मी विचारलं.

"मी येते," ती म्हणाली. "पण आधी मी मुलांना एक गोष्ट सांगणार. रीडिंगच्या आधी."

परवा आम्ही गेलो. त्याच डेप्युटी हेड, तोच साखळीचा चष्मा. त्यांनी आम्हाला ओळखलं. मी विचारणार नव्हते, पण तोंडातून गेलंच, "ती मुलगी..."

"ती आता आमच्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "याहून जास्त मला सांगता येणार नाही." आणि माझ्या डोळ्यांत क्षणभर पाहिलं. त्या नजरेत मी खूप शोधलं. दिलासा सापडावा म्हणून शोधलं. नाही सापडला, आणि वाईट बातमीही सापडली नाही. ती शाळा सोडून आईबरोबर दूर गेली असेल, बापानेही नेली असेल. एवढ्यावरच मला राहायचं आहे.

हॉल भरला. वाघ, चेटकिणी, एक उलटा घातलेला सुपरमॅनचा झगा. मीनल जमिनीवर बसली. पुस्तक उघडायच्या आधी तिने सगळ्यांकडे पाहिलं आणि साध्या आवाजात म्हणाली, "माझ्या गोष्टीतला बॅजर कोणाला काही सांगत नाही. पण मी बॅजर नाही, मी माणूस आहे. तुम्ही मला एखादी काळजीची गोष्ट सांगितलीत तर मी ती इथल्या मोठ्या माणसांना सांगणार. न सांगण्याचं वचन मी देऊ शकत नाही. एकदा मी दिलं होतं, आणि मला ते मोडावं लागलं. ज्या मुलीला दिलं होतं तिची माफी मागायची राहून गेली. म्हणून तुम्हाला आधीच सांगते."

शिक्षिका एकमेकींकडे पाहायला लागल्या. मग तिने वाचलं.

त्यानंतरची रांग नेहमीसारखी नव्हती. कोणी कानाशी लागलं नाही. मुलं नावं सांगत होती, सही घेत होती, जात होती. मीनलच्या चेहऱ्यावर मला भीती दिसत होती, आपण ते दार कायमचं लावून टाकलं अशी. मीही तेच समजत होते. गठ्ठे बांधायला घेतले.

शेवटी एक मुलगी राहिली होती. चेटकिणीची टोपी काढून तिने छातीशी धरली होती. आधी ती सही न घेताच निघाली, दारापर्यंत गेली, आणि परत आली. टेबलाजवळ उभी राहून तिने विचारलं, "तू खरंच सांगतेस का? म्हणजे, सांगितलं तर नक्की सांगतेस?"

"हो," मीनल म्हणाली.

"आजच?"

मीनलने पेन खाली ठेवलं. "आजच. शाळा सुटायच्या आत."

मुलगी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली. मी हातातला गठ्ठा तसाच टाकला आणि डेप्युटी हेडना बोलवायला कॉरिडॉरमध्ये निघाले.